लग्नघर, मोर आणि खून



रहस्यकथा वाचताना कधी खळखळून हसलात?

डोना अँड्र्यूज या अमेरिकन लेखिकेची 'मर्डर विथ पीकॉक्स' ही कादंबरी १९९९ साली आली.
नायिका मेग लँगस्लो.
ती लोहारकाम करते.

एकाच उन्हाळ्यात तिच्या गळ्यात तीन लग्नं पडतात.
एक मैत्रिणीचं.
एक भावाचं.
आणि एक… चक्क आईचं!

त्यात एका नवरीला लग्नात मोर हवेत.
आणि मग खून होतो.

मेगचे वडील डॉक्टर, पण रहस्यकथांचे वेडे.
त्यांचा उत्साह काय वर्णावा!
माझे सर्वांत लाडके तेच.

इथे रक्तपात फारसा नाही.
आहे तो लग्नघराचा गोंधळ.
त्या गोंधळातच, हसता हसता, धागेदोरे सापडतात.

मालिका पुढे वाढत गेली.
शीर्षकांत पोपट आले, पेंग्विन आला, घुबडही आलं.
तुम्ही मात्र मोरांपासूनच सुरुवात करा.