अफूजन्य औषधे : भीती आणि विवेक
(मासवण येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या आनंदप्रसंगी आजचा विषय काहीसा जड वाटेल. परंतु जुनाट दुखणे ज्या घरात नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. म्हणून तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो. आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य मुले शिकविण्यात गेले. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे डॉक्टरांनी सांगावे. कुटुंबाने काय समजून घ्यावे, एवढेच आम्ही सांगणार आहो.

अफूचे नाव आपणांस नवे नाही. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. त्याच अफूतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्टुर्नर नामक जर्मन औषधकाराने मॉर्फीन वेगळे काढले. घातक गोळी आणि वेदनाशामक औषध, दोहोंचे मूळ एकच. भेद आहे तो मात्रेचा, हेतूचा व देखरेखीचा.

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. सौम्य वेदनेस साधे औषध, अधिक वेदनेस सौम्य अफूजन्य औषध, आणि तीव्र वेदनेस मॉर्फीन. तेही शक्यतो तोंडाने व घड्याळाप्रमाणे. परंतु आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने रुग्णालये मॉर्फीन ठेवण्यास कचरू लागली. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक अफूजन्य औषधांचे नियम सुलभ झाले. कायद्याची गाठ सैल झाली. घरातील भीतीची गाठ मात्र अजून सुटावयाची आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरातील वृद्ध गृहस्थांस तंबाखूपायी जबड्याचा कर्करोग झाला. दर चार तासांनी मॉर्फीनची गोळी द्यावी, असे डॉक्टरांनी लिहून दिले. चिरंजीव सुशिक्षित, पण वडिलांस व्यसन लागेल या धास्तीने ते असह्य आरडाओरड झाल्यावरच गोळी देत. वेदना एकदा भडकली की ती आवरणे कठीण. रात्रीमागून रात्री घर जागे राही. पुढे परिचारिकेने समजावले की, औषधाची शरीरास सवय होणे निराळे आणि व्यसन निराळे. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. अखेरचे दोन महिने ते गृहस्थ पेज घेत, नातवंडांशी बोलत. रोग बरा झाला नाही. पण मृत्यूपूर्वीची विटंबना टळली.

आता दुसरी बाजू. भातलावणीने वाकलेली कंबर, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत उभे राहून झिजलेले गुडघे, ही दुखणी कर्करोगाची नव्हेत. त्यांना हा न्याय सरसकट लावू नये. अमेरिकेत 1996 पासून ऑक्सिकॉन्टिन नामक गोळीचा मोठा प्रचार झाला. व्यसनाचा धोका कमी असल्याची दिशाभूल केल्याबद्दल तिच्या कंपनीने 2007 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. म्हणून तेथे 2016 साली मार्गदर्शक तत्त्वे निघाली. पण त्यांचा अतिरेकी अर्थ लावून काही रुग्णांची औषधे एकाएकी तोडली गेली व त्यांचे हाल झाले. तेव्हा 2022 साली ती सुधारावी लागली. त्यांचे सार असे : जुनाट दुखण्यावर आधी व्यायाम व इतर उपचार, अफूजन्य औषध लागलेच तर अल्पतम मात्रेत, लाभ-हानीची वारंवार तपासणी, आणि बंद करणे ते हळूहळू. आपल्याकडेही ट्रामाडॉल 2018 पासून याच कायद्याखाली आहे. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ते आणणे धोक्याचे होय.

घरच्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. औषध कुलपात ठेवावे व वेळेची नोंद वहीत करावी. या औषधांनी मलावरोध होतो, म्हणून त्यावरील उपाय डॉक्टरांस पहिल्याच दिवशी विचारावा. ताडी, दारू वा झोपेच्या गोळ्या यांची जोड कदापि देऊ नये. रुग्ण हाकेस ओ देईनासा झाला, श्वास मंदावला, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

बंधुभगिनींनो, वेदना निमूटपणे सोसणे हे पुण्य नव्हे, आणि गोळीने प्रत्येक दुखणे दाबणे हे शहाणपण नव्हे. परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून उभे आहे. पालघरहून गाडीने तेथे जाता येते. ज्याच्या घरी असा रुग्ण असेल त्याने संकोच न करता डॉक्टरांस विचारावे, आणि ज्यांस वेळ आहे त्यांनी त्याच्यासोबत जावे. ज्ञातीचे नाते अशाच वेळी उपयोगी पडावयाचे.