ढेपीचा भाव पोत्यावर नाही, किलोवर विचारा

आजचा विषय साधा आहे, पण दूध धंद्यात घर चालतं की बुडतं ते यावरच ठरतं. गावातल्या दुकानातून ढेप, सुग्रास, चुनी घेताना पैसा कुठं वाचतो आणि कुठं नुसता वाचल्यासारखा वाटतो, त्याबद्दल बोलू.

आधी एक जुनी गोष्ट. 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं. त्यात आपलं यवतमाळही होतं. कर्जबाजारी शेतकऱ्याला जोडधंदा म्हणून अनुदानावर दुधाळ जनावरं देण्याची योजना त्यात होती. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं, की गाय मिळालेली कितीतरी घरं चाऱ्या-ढेपीच्या खर्चानं हैराण झाली आहेत. गाय आली, पण तिच्या गव्हाणीचा हिशोब कोणी केला नव्हता. हा हिशोब आजही आपल्यालाच करावा लागतो.

चला, करून पाहू. सहा लिटर देणारी गाय धरा. तिच्या शरीरासाठी एक ते दीड किलो खुराक आणि वर दर अडीच-तीन लिटर दुधामागं एक किलो, असा साधारण नियम आहे. म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. समजा खुराक 30 रुपये किलो पडला, तर झाले 105 रुपये. दुधाला समजा 35 रुपये भाव मिळाला, तर सहा लिटरचे आले 210. अर्धे पैसे ढेपीतच गेले! कुटार, वैरण, औषध, आपली मेहनत अजून धरलीच नाही. म्हणून किलोमागं दोन रुपये वाचले तरी एका गाईमागं महिन्याला दोनशे-सव्वादोनशे रुपये हाती राहतात.

आता दुकानात जाऊ. पहिली गोष्ट, पोत्याचा भाव ऐकून निर्णय घ्यायचा नाही. एक पोतं 1500 ला, दुसरं 1240 ला. दुसरं स्वस्त वाटतं ना? पण पहिलं 50 किलोचं आहे आणि दुसरं 40 चं. पहिलं 30 रुपये किलो पडलं, दुसरं 31. पोत्यावरचं वजन वाचा, आणि शक्य असेल तर काट्यावर ठेवायला सांगा. त्यात लाजायचं काय? कापूस विकायला नेतो तेव्हा आपलाही काट्यावरच मोजला जातो.

दुसरी गोष्ट, उधारी. पेरणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, हे मला सांगायची गरज नाही. समजा रोखीनं 1500 चं पोतं उधारीत 1650 ला मिळालं आणि पैसे तीन महिन्यांनी द्यायचे ठरले. दीडशे रुपये जास्त, एवढंच वाटतं. पण तीन महिन्यांचे 10 टक्के म्हणजे वर्षाचे 40 टक्के झाले, बाप्पा! किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनाच्या खेळत्या भांडवलालाही मिळतं, ही सोय 2018-19 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. त्याचा व्याजदर 7 टक्के आहे, वेळेवर फेडलं तर 4 पडतो. त्याच 1500 रुपयांना तीन महिन्यांचं व्याज सात टक्क्यांनी सव्वीस रुपये होतं. कुठं दीडशे, कुठं सव्वीस. बँकेत चकरा माराव्या लागतात हे खरंय, पण चकरा कशासाठी मारतोय ते हा आकडा सांगतो.

तिसरी गोष्ट, माल पाहून घ्या. सरकी ढेप म्हणजे आपल्याच पऱ्हाटीचं पोर. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीतून तेल काढलं की उरते ती ढेप. चांगल्या ढेपीला वास खमंग येतो. कुबट वास, हिरवी-काळी बुरशी, ओलसर गोळे दिसले की परत करा. बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, आणि ते दूध आपलीच लेकरं पितात. मूठभर ढेप पाण्यात भिजवून पाहा. तळाशी वाळू-माती बसली तर आपण मातीचे पैसे मोजतोय. तयार पशुखाद्य असेल तर पोत्यावर आयएस 2052 आहे का बघा. त्यात पहिल्या प्रकाराला किमान 22 टक्के प्रथिनं लागतात, दुसऱ्याला 20. आणि लहान वासरांना सरकी ढेप देऊ नका. सरकीत गॉसिपॉल नावाचा घटक असतो. मोठ्या जनावराचं पोट तो बऱ्यापैकी पचवतं, वासराचं नाही.

चौथी गोष्ट, वेळ. दिवाळीनंतर जिनिंग जोरात सुरू होतं, बाजारात सरकी भरपूर येते. तेव्हा ढेपीचा भाव साधारणपणे नरम असतो आणि पावसाळ्यात चढतो. अकोल्याच्या ढेपीवर तर वायदेबाजारही चालतो, त्यामुळं भाव फक्त आपल्या दुकानदाराच्या मनावर नसतो. पण पावसाळ्यासाठी साठा करायचा तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी. नाहीतर स्वस्तात घेतलेली ढेप बुरशीला जाते.

आमच्याकडं सात घरं मिळून एकदम माल आणतो. एकच गाडी, भाडं वाटून, पैसे रोख. एकट्याला दुकानदार भाव सांगतो, सात जणांना तो भाव विचारतो, एवढा फरक मी स्वतः पाहिलाय. गावातल्या दुकानदाराशी वैर करायचं नाही हं. अडीअडचणीला तोच कामी येतो. त्यालाच सांगा, की दहा पोती एकदम घेतो, किलोमागं काय कमी करता?

शेवटचं. सगळ्यात स्वस्त खुराक आपल्या वावरातच असतो. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार पेटवू नका, पावसात भिजू देऊ नका. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा, नासाडी कमी होते. आणि खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं आणि दूध आटतं.

आज संध्याकाळी एकच काम करा जी. घरातलं पोतं घ्या, भाव भागिले वजन करा आणि आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढचं पोतं घेताना तो आकडा डोक्यात ठेवूनच दुकानाची पायरी चढा. भेटू पुढच्या भागात. रामराम.