इंजिन धुण्याआधी

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बॉनेट उघडं ठेवतात. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी असो की जुनी जीप, लोक आधी इंजिन बघतात. म्हणून कोणी आदल्या दिवशी त्यावर पाइपने पाणी मारतं आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी शिरलं की प्लगला ठिणगी मिळत नाही.

मग कसं करायचं? इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, डायनामो यांना प्लास्टिकची पिशवी बांधा. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून मळ घासा, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलने कधीच पुसू नका, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. तेलकट पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका. पिशव्या काढून सगळं नीट वाळलं, की मगच वायर जोडा.

दसऱ्याला दारचा ट्रॅक्टर धुताना एअर फिल्टर आणि वायरी अशाच झाका. दुसऱ्या दिवशी पुसलेल्या इंजिनावर ताजं तेल दिसलं, तर गळती कुठे आहे ते कळलं. मेकॅनिकला तीच जागा दाखवा, खर्च वाचेल. भेटू पुढच्या भागात!