कॉलर कोणाची धरायची?

(उधना येथे रेल्वे व कंत्राटी सफाई कामगारांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज साथीच्या रोगांवर आणि दवाखान्यांवर बोलायला सांगितले आहे. मी काही डॉक्टर नव्हे, मॅट्रिक झालेला पॉइंट्समन. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

सप्टेंबर १९९४. मी पंचविशीत होतो, ताप्ती लाईनवर एका लहान स्टेशनात ड्युटीला. त्या पावसाळ्यात तापीचे पाणी सुरतेच्या सखल वस्त्यांत शिरले होते. पाणी उतरले, चिखल आणि मेलेली जनावरे तशीच राहिली. गणपती विसर्जन नुकतेच आटोपले होते आणि वेड रोडच्या बाजूला माणसे ताप-खोकल्याने पटापट मरू लागली. प्लेग आला, असे लोक एकमेकांना सांगू लागले. सरकार सांगेपर्यंत निम्मी गल्ली रिकामी झाली होती. तीन लाखांच्या आसपास माणसे काही दिवसांत शहर सोडून गेली, असा अंदाज तेव्हा छापून आला.

आमच्या स्टेशनवर भुसावळकडची पॅसेंजर आली ती टपापर्यंत भरलेली. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एक बाई कडेवरच्या पोराला पाणी पाजायला खाली उतरली, तर फलाटावरच्या नळाशी गावातली चार पोरे काठ्या घेऊन उभी. पाणी देणार नाही म्हणाली. शेवटी आमच्या खलाशाने कॅबिनमधली बादली आणून तिला पाणी दिले आणि गाडी सुटल्यावर ती बादली रॉकेलने घासली. ते बरोबर की चूक, मी आजही सांगू शकत नाही. त्यालाही घरी दोन लहान मुले होती.

गंमत पाहा. या रोगाला औषध होते. टेट्रासायक्लिन हे काही नवे औषध नव्हे, वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. पण ते दुकानांतून नाहीसे झाले. ज्यांना ताप नव्हता त्यांनी पिशव्या भरून नेले, ज्यांना होता ते फिरत राहिले. खाजगी डॉक्टरांतले कितीतरी जण दवाखान्याची शटरे ओढून गावाबाहेर पडले. सरकारी इस्पितळातले शिकाऊ डॉक्टर, नर्सेस आणि झाडूवाले मात्र जागेवर राहिले. आणि वरच्या पातळीवर प्लेग आहे की दुसरे काही, यावरच कितीतरी दिवस वाद चालला. सरकारी हिशेबाने देशात पन्नासच्या वर माणसे गेली. तुम्ही म्हणाल, आकडा तर लहान आहे. पण लाखो माणसे कोणावर विश्वास न ठेवता पळाली, तो आकडा कोणत्या रजिस्टरात लिहिणार?

आता माझी गोष्ट. आमच्या एका गँगमनला त्याच आठवड्यात ताप भरला. सिक मेमो घेऊन आम्ही चौघे त्याला एका इस्पितळात घेऊन गेलो. नाव घेत नाही. दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत तो व्हरांड्यात फरशीवर पडून होता. कोणी हात लावीना. मोठे डॉक्टर कुठे आहेत, ते सांगायला कोणी नाही. शेवटी माझे डोके फिरले. समोरून एक वॉर्डबॉय चालला होता, त्याची मी कॉलर धरली आणि भिंतीवर दाबला. शिव्या दिल्या. बरोबरच्यांनी टाळ्या वाजवल्या, तेही सांगतो.

तो काही बोलला नाही. त्याच्या तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता. मोजे नाहीत, गोळी नाही. दोन दिवस घरी गेला नव्हता, कारण चाळीतले लोक घेईनात. रात्री आमच्या गँगमनला खाटेवर चढवला तो त्यानेच. मलेरिया निघाला. आमचा माणूस आठ दिवसांत कामावर आला. त्या वॉर्डबॉयला मी पुन्हा कधी भेटलो नाही, माफी मागायची राहून गेली.

तेव्हा लोक चिडतात ते खोटे नाही. सात तास फरशीवर पडलेला माणूस चिडणारच. पण आपल्याला सापडतो तो नेहमी सगळ्यात खालचा माणूस. ज्याने औषधाचा साठा ठेवायचा होता, ज्याने गटार उपसायचे होते, तो आपल्या हाताला लागत नाही.

कायदाही तसाच आहे. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगातला. कलम ३ म्हणते, हुकूम मोडाल तर शिक्षा. कलम ४ म्हणते, सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा नाही. अंमलदाराने औषध कधी आणून ठेवायचे, त्याचे कलम मला सापडले नाही. २०२० च्या कोरोनात हाच कायदा बाहेर काढला. त्यात दवाखान्याच्या माणसांवर हात टाकणाऱ्याला कडक शिक्षेची भर घातली, ती योग्यच. आज मी ती कॉलर धरली असती तर तुरुंगात गेलो असतो. पण त्या माणसाला मोजे द्यायचे कलम तेव्हाही घातले नाही.

कोरोनाचे तुम्ही सगळ्यांनी भोगले आहे, म्हणून लांबवत नाही. एकच सांगतो. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशचे होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत, असे त्यांना वाटले. मालगाड्या चालू आहेत हे आपल्याला, रेल्वेवाल्यांना, माहीत होते. त्यांना कोणी सांगितले? चालकाने हॉर्न दिला, ब्रेक लावला. भरधाव मालगाडी अशी थांबत नाही, हे इथल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

सुरतेचेही चांगले सांगितले पाहिजे. १९९५ मध्ये राव नावाचे आयुक्त आले, स्वतः गल्लीत उतरले, अधिकाऱ्यांना उतरवले, आणि १९९६ मध्ये हेच शहर देशात स्वच्छतेत दुसरे म्हणून गाजले. म्हणजे होते. दोन वर्षांत होते. पण रात्री झाडू मारणाऱ्या बाईचा फोटो कोणी छापला, मला तरी आठवत नाही.

आपल्या डब्यांची सफाई करणारे कंत्राटी कामगार इथे मागे उभे आहेत, त्यांना पुढे बसायला जागा करा. साथ आली की डब्यात पहिले तेच चढतात आणि ताप आला की पहिला खाडा त्यांचाच. आपण कायम कामगार रेल्वेच्या इस्पितळात जातो, ते फाटकाबाहेर थांबतात. हे इतकी वर्षे आपण चालू दिले, मीही दिले. म्हणून शाखेने ठरवले आहे की मागणीपत्रात पहिली मागणी त्यांची. विलगीकरणाचे दिवस पगारी, मोजे-मास्क ठेकेदाराच्या नव्हे तर रेल्वेच्या खात्यातून, आणि इस्पितळाच्या दारावर रोज फळा: खाटा किती रिकाम्या, औषध किती शिल्लक, ड्युटीवर डॉक्टर कोण. गुजराती, हिंदी, मराठी आणि उडिया चारही भाषांत.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता शिष्टमंडळ जाणार आहे. ज्यांना इस्पितळातून परत पाठवले, त्यांनी सिक मेमोची झेरॉक्स आणावी. ज्यांना मेमोच मिळत नाही, त्या कंत्राटी साथींनी नाव आणि तारीख साध्या कागदावर लिहून माझ्याकडे द्यावी. लिहिता येत नसेल तर मी इथेच बसलो आहे, सांगा, मी लिहून घेतो.