माल्टाला राहून घरून काम

आज माल्टाबद्दल बोलू. नकाशात इटलीच्या खाली, भूमध्य समुद्रात हा ठिपका दिसतो. सगळा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मा. राजधानी व्हॅलेटा. १५६६ साली पाया घातलेलं, पिवळसर दगडाचं, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांचं शहर.

तिथे जगभरची माणसं लॅपटॉप घेऊन राहायला येतात. नोकरी आपल्या देशातली, राहणं तिथलं. पुण्याचं ऑफिस सकाळी दहाला सुरू होतं तेव्हा तिथे उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेपाच. पहाटे उठायचं, पण दुपारी अडीचला सुट्टी! इंग्रजी तिथे सरकारी भाषा आहे. त्यांची स्वतःची माल्टीज अरबीच्या घरातली. दुनियेला ते ‘दिन्या’ म्हणतात, आम्हाला गंमत वाटली. नदी मात्र नाही. पिण्याचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं खारेपण काढून मिळवतात. पाण्याची ददात आपल्यालाच असते असं नाही.

घरभाडं हे तिथलं मोठं दुखणं. परदेशी पगार आले की भाडी चढतात आणि तिथल्याच तरुणांना घर परवडत नाही. करोनानंतर गोव्यातही हेच ऐकू येतं.

हे सगळं आम्ही का शोधलं? आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीसाठी दीड लाखाचं कर्ज मागितलं. मुलगी बी.कॉम., अजून नोकरी नाही. एजंट म्हणाला, “घरून काम करायचा माल्टाचा परवाना काढून देतो, तिथे गेल्यावर काम मिळतंच.” बैठकीत बरीच बोलाचाली झाली. मग दोघीतिघींनी बसून नियम वाचून काढले.

हा परवाना २०२१ पासून मिळतो. त्यासाठी काम आधीच हवं, आणि तेही माल्टाबाहेरचं. तिथल्या कंपनीत या परवान्यावर काम करता येत नाही. २०२४ पासून वर्षाला ४२,००० युरो मिळकत दाखवावी लागते, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या आसपास. शिवाय विमा आणि घरभाड्याचा करार. अर्जाची सरकारी फी ३०० युरो, साधारण तीस हजार रुपये. मग दीड लाख कशाचे?

तिथल्या मालकाकडे नोकरी करायची तर परवानाच वेगळा, तो मालकाच्या कागदावर मिळतो. परदेशी नोकरी लावणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. त्याला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी.

ताईंनी अर्ज मागे घेतला. मुलगी आठवडाभर कुणाशी बोलली नाही. तिचा राग आम्हाला कळतो. गावात बसून दुनिया बघायची इच्छा कुणाला होत नाही? तिला हिशेबाच्या ऑनलाइन कामाचे अर्ज भरायला आम्ही मदत करतोय.

तुमच्या घरी असा एजंट येऊन गेला असेल, तर त्याने दिलेला कागद पैसे देण्याआधी गटाच्या बैठकीत घेऊन या.