पायात उतरणारी कळ : दोष मणक्याचाच असतो काय?



नितंबात कळ उठून ती मांडीमागून पोटरीकडे उतरू लागली की, आपण त्या दुखण्यास सरसकट ‘सायटिका’ म्हणतो. आयुर्वेदात त्यास गृध्रसी असे नाव आहे. परंतु सायटिका हे लक्षण होय, कारण नव्हे. पुष्कळदा मणक्यांमधील चकती सरकल्याने ही कळ येते, हे खरे. तथापि काही थोड्या रुग्णांत दोष मणक्यात नसून नितंबातील एका लहानशा स्नायूत असतो.

पिरिफॉर्मिस हे त्या स्नायूचे नाव. कमरेखालच्या त्रिकास्थीपासून निघून तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास जोडला जातो व पाय बाहेरच्या बाजूस वळविण्यास साहाय्य करतो. शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू बहुधा याच्या खालून पायाकडे जातो. काहींच्या बाबतीत तो स्नायूला भेदूनही जातो. पडल्याने, अतिश्रमाने वा तासन्‌तास बसल्याने हा स्नायू ताठरला की मज्जातंतू दाबला जातो. मागील खिशातील जाड पाकिटावर नित्य बसल्यामुळेही अशी कळ येते, याकडे १९७८ साली एका अमेरिकी डॉक्टरांनी लक्ष वेधले होते.

मग निदान कसे करावयाचे? याची खात्री देणारी एकच अशी चाचणी नाही. क्ष-किरण चित्रात स्नायूचा हा दोष दिसत नाही. एम. आर. आय. तपासणीत चकतीचा दोष कळतो. पण काहीही न दुखणाऱ्या माणसांतही फुगलेली चकती आढळते. म्हणून डॉक्टरांचे हात आणि रुग्णाची हकीकत यांना महत्त्व आहे. दुखणे कमरेपेक्षा नितंबात अधिक आहे काय? बसल्याने ते वाढते काय? नितंबाच्या मध्यभागी खोल दाबल्यास कळ येते काय? गुडघा वाकवून मांडी आत वळविल्यास ती वाढते काय? उत्तरे होकारार्थी आली आणि मणक्याचे विकार वगळले गेले, तर या स्नायूचा संशय बळावतो.

उपचार बहुधा साधे असतात. दर अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. अंथरुणाला खिळून राहू नये. उताणे निजून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि ती दुसरी मांडी हातांनी हळूहळू छातीकडे ओढावी. वीस ते तीस सेकंद थांबावे. असे तीनदा करावे. पायात मुंग्या वाढल्यास मात्र थांबावे. हा व्यायाम प्रथम तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. एवढ्याने भागले नाही तर स्नायूत इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

एक इशारा मात्र विसरू नये. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही मणक्यातील गंभीर विकाराची चिन्हे होत. अशा वेळी व्यायाम वा मालीश करीत न बसता रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. विलंब झाल्यास पांगळेपण कायमचे राहू शकते.

कचेरीतील बांधवांनी आपल्या बैठकीकडे लक्ष द्यावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावातील रुग्णास पाय ओढून घेण्यासाठी न पाठविता प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. कळ पायात असली तरी तिचे मूळ कोठे आहे, हे तपासल्यावरच कळते. आणि मूळ कळले की उपायही सापडतो.