अंगावर गांधी का उठतात?

आज एप्रन हॉस्टेलवर ठेवून आलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मघाचे फिशपाँड ऐकताना मला एका खऱ्याखुऱ्या माशाची गोष्ट आठवली. १९२१ साल. तेव्हा जर्मनीत असलेलं ब्रेसलाऊ शहर. हाइंझ कुस्टनर या डॉक्टरला मासे बाधायचे. शिजवलेला मासा पोटात गेला की अंगभर खाज आणि गांधी. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्झ याला मात्र मासे खुशाल पचत. त्याने कुस्टनरचं सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच मिनिटांत तिथे गांध उठली! म्हणजे ॲलर्जी करणारं काहीतरी रक्तात होतं. ते नेमकं काय, हे कळायला १९६६ उजाडलं. जपानहून अमेरिकेत डेन्व्हरला आलेल्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आयजीई हे प्रतिपिंड शोधलं. तेही स्वतःच्या कातडीवर चाचण्या घेत. स्वीडनमध्येही त्याच सुमारास ते दुसऱ्या वाटेने हाती लागलं.

(तुम्ही रूममेटचं सीरम टोचून घेऊ नका. कावीळ होईल, आणि एथिक्स कमिटी माझ्या दारात येईल.)

प्राउसनिट्झ, इशिझाका ही माणसं रोगही ओळखत होती आणि परीक्षानळीही. आपल्याकडे काय होतं? एमडीच्या रेसिडेंटचा प्रबंध दोन ड्युट्यांच्या मधल्या झोपेतून निघतो. विषय गाइड देतात, संख्याशास्त्रज्ञ शेवटच्या महिन्यात आठवतो. तिकडे पीएचडीची मुलगी वर्षानुवर्षं उंदरांवर दम्याचा अभ्यास करते, पण दम्याने धापा टाकणारा माणूस तिने ओपीडीत पाहिलेला नसतो. हा निव्वळ अपव्यय आहे.

ओपीडी आणि लॅब जोडल्या की काय होतं, यासाठी शेंगदाण्याचंच बघा. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत एकेकाळी अधिकृत होता. लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या लक्षात आलं की, इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचे कुरकुरीत पफ चघळतात आणि तिथे ही ॲलर्जी क्वचितच दिसते. नुसत्या निरीक्षणावर ते थांबले नाहीत. जोखमीची ६४० बाळं, दोन गट, पाच वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा. २०१५मध्ये निकाल आला: शेंगदाणा खाणाऱ्या गटात ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. सल्ला उलटा फिरला. प्रश्न डॉक्टरच्या नजरेने दिला. उत्तराला मात्र प्रयोगशाळा, आहारतज्ज्ञ, आकडेमोड, पैसा आणि बरीच वर्षं लागली.

म्हणून अधिष्ठाता महोदय, एक मागणं आहे. ज्यांना मनापासून संशोधन करायचंय, अशा दोन-तीन रेसिडेंटना आठवड्यातला एक दिवस ड्युटीतून मोकळा द्या आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत पाठवा. तिथल्या पीएचडीवाल्यांना आपल्या ओपीडीत बसू द्या.

आणि मित्रांनो, उद्या सकाळी गांधी उठलेला पेशंट समोर आला की सिट्रीझिन जरूर लिहा. पण त्याला लगेच उठवू नका. काय खाल्लं, किती वेळाने गांधी उठल्या, आधी कधी झालं होतं, विचारा. वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन एकदा लॅबमध्ये जाच.